लेक आणि वंशावळ : लेडी ॲन क्लिफर्ड (१५९०–१६७६)

जुन्या मराठी ग्रंथालयात कुलवृत्तांतांचे एक कपाट बहुधा असतेच. मूळ पुरुषापासून निघालेल्या शाखा, त्यांना फुटलेल्या उपशाखा, दत्तक गेलेले आणि दत्तक आलेले पुत्र असा तो वंशविस्तार पानेच्या पाने व्यापून असतो. त्यात मुलीचे नाव आलेच, तर अमुक गावच्या अमुक घराण्यात दिली, एवढ्या नोंदीपाशी तिची रेघ थांबते. इंग्लंडमधील उमराव घराण्यांच्या वंशावळी याहून फारशा निराळ्या नाहीत. पुरुषांची नावे झाडाच्या खोडासारखी सरळ उतरत जातात आणि स्त्रिया त्या खोडाला बाजूने टेकलेल्या दिसतात. परंतु त्या घराण्यांच्या जमिनी, गढ्या आणि पदव्या एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे कशा गेल्या हे पाहू लागले, की त्यांतील बराचसा प्रवास लेकींच्या पदराला बांधून झाल्याचे ध्यानात येते. ही गोष्ट जुन्या सनदांमधून शोधणारी, खुद्द राजासमोर तिचा आग्रह धरणारी आणि त्या आग्रहापायी अडतीस वर्षे तिष्ठत राहिलेली स्त्री म्हणजे लेडी ॲन क्लिफर्ड.

क्लिफर्ड हे इंग्लंडच्या उत्तर भागातील मातबर घराणे. यॉर्कशायरमधील स्किप्टनची गढी आणि तिच्या वायव्येस वेस्टमोरलंड परगण्यातील ॲपल्बी, ब्रूम, ब्रफ व पेंड्रॅगन या गढ्या त्यांच्याकडे होत्या. यांपैकी वेस्टमोरलंडचा मुलूख मुळात क्लिफर्डांचा नव्हताच. जॉन राजाने तो १२०३ च्या सुमारास रॉबर्ट डी व्हिटरीपाँट या आपल्या सरदारास दिला. या सरदाराच्या नातवाला पुत्र नव्हता. इझाबेला आणि आयडोनिया या दोन मुलीच होत्या. इझाबेलाचा विवाह रॉजर क्लिफर्डशी झाला. तिच्याबरोबर तो मुलूख आणि तेथील शेरीफचे वंशपरंपरागत पद क्लिफर्डांच्या घरात आले. आयडोनियाच्या मागे वारस न राहिल्याने तिचा वाटाही पुढे त्याच घराकडे वळला. इझाबेलाचा पुत्र रॉबर्ट याला १२९९ मध्ये पार्लमेंटचे बोलावणे आले आणि तो बॅरन झाला. दुसऱ्या एडवर्ड राजाने त्याला स्किप्टन दिले. १३१४ मध्ये स्कॉटलंडशी झालेल्या बॅनकबर्नच्या लढाईत तो कामी आला. याच राजाच्या काळातील लेखांनुसार ही मिळकत क्लिफर्डांच्या औरस संततीकडे उतरावयाची होती. ती संतती पुरुषच असावी, अशी अट त्या लेखांत नव्हती. तीन शतकांनंतर सारा कलह या न लिहिलेल्या अटीभोवती माजावयाचा होता.

मधल्या काळात घराण्याने उत्कर्ष आणि अपकर्ष दोन्ही पाहिले. यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांमधील युद्धात जॉन क्लिफर्ड १४६१ मध्ये मारला गेला आणि मिळकत जप्त झाली. त्याचा लहानगा पुत्र हेन्री मेंढपाळांच्या वस्तीत लपून वाढला, अशी परंपरागत कथा आहे. १४८५ मध्ये राज्य पालटल्यावर त्याला सर्व परत मिळाले. त्याचा पुत्र १५२५ मध्ये कंबरलंडचा अर्ल झाला. दुसऱ्या अर्लने तर थेट राजकुळाशी सोयरीक जोडली. आठव्या हेन्रीची भाची एलिनॉर ब्रँडन ही त्याची पहिली पत्नी. तिची एकुलती जगलेली मुलगी पुढे स्टॅन्ली घराण्यात, डर्बीच्या अर्लकडे गेली. दुसरी पत्नी ॲन डेकर हिच्यापासून अर्लला जॉर्ज आणि फ्रान्सिस हे पुत्र झाले. यांतील जॉर्ज हा लेडी ॲनचा पिता आणि फ्रान्सिस हा तिचा प्रतिपक्षी.

बारा वर्षांचा होण्याआधीच जॉर्जचे पितृछत्र हरपले. त्या काळच्या रिवाजानुसार अज्ञान वारसाचे पालकत्व राजसत्तेकडे जाई आणि तेथून एखाद्या बड्या सरदाराकडे सोपविले जाई. जॉर्जचे पालकत्व बेडफर्डचा अर्ल फ्रान्सिस रसेल याच्याकडे आले. अशा पालकाच्या घरी उपवर कन्या असली, की पुढची गोष्ट ठरलेलीच असे. १५७७ मध्ये जॉर्जचा विवाह रसेलची धाकटी कन्या मार्गारेट हिच्याशी झाला. ती धर्मनिष्ठ, वाचनप्रिय आणि करारी होती. जॉर्जला ओढ होती समुद्राची आणि दरबारी वैभवाची. एलिझाबेथ राणीच्या वतीने शस्त्रक्रीडेच्या रिंगणात उतरण्याचा मान त्याला होता. सरकारी परवान्याने स्पॅनिश जहाजे लुटण्यासाठी त्याने कित्येक मोहिमा काढल्या. १५९८ मध्ये त्याने पोर्तो रिको बेटावरील सान हुआन हे शहरही काही काळ जिंकून घेतले. या पराक्रमातून कीर्ती मिळाली, परंतु कर्ज त्याहून अधिक झाले.

याच दर्यावर्दी उद्योगातून त्याचा संबंध हिंदुस्थानच्या इतिहासाशीही येतो. ३१ डिसेंबर १६०० रोजी राणीने पूर्वेकडील व्यापारासाठी ज्या मंडळींना सनद दिली, त्यांच्या नामावळीच्या शिरोभागी कंबरलंडचा अर्ल जॉर्ज याचे नाव आहे. त्याने बांधविलेले जहाज ईस्ट इंडिया कंपनीने विकत घेऊन त्याला रेड ड्रॅगन असे नाव दिले. १६०१ मधील कंपनीच्या पहिल्या सफरीचे ते अग्रणी जहाज. १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळीच्या समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगिजांशी जी झुंज दिली, तीतही तेच जहाज होते. लेकीच्या वाट्याला यावयाची मिळकत ज्या कर्जाने पोखरली, त्याच कर्जाच्या उद्योगातील एक तुकडा असा पश्चिम किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचला.

ॲनचा जन्म ३० जानेवारी १५९० रोजी स्किप्टनच्या गढीत झाला. तिच्या आधीचे दोन भाऊ, फ्रान्सिस आणि रॉबर्ट, पाच-सहा वर्षांचे होऊन वारले. दुसरा भाऊ गेला तेव्हा ॲन दीड वर्षाचीही नव्हती. अशा रीतीने पाळण्यातच ती एका मोठ्या घराण्याची एकुलती वारस ठरली. पित्याची आज्ञा होती, की तिने इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकू नये. आईने मात्र सॅम्युएल डॅनियल या नामवंत कवीला आणि इतिहासकाराला तिचा शिक्षक नेमले. परकीय भाषांचे दार बंद असले, तरी भाषांतरांची खिडकी उघडी होती. ओव्हिड, माँतेन्य, सर्व्हान्टिस अशा लेखकांचे ग्रंथ तिने मायबोलीतून वाचले. चॉसर आणि स्पेन्सर हे तर तिचे जन्माचे सोबती झाले. पुढे स्वतःच्या खर्चाने वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये १६२० साली स्पेन्सरचे स्मारक तिनेच उभारले.

३० ऑक्टोबर १६०५ रोजी जॉर्ज क्लिफर्ड निवर्तला. पत्नीपासून तो अखेरची वर्षे वेगळाच राहत होता. त्याच्या मृत्युपत्राने सर्व मिळकत भाऊ फ्रान्सिस याला दिली होती. ॲनसाठी १५,००० पौंडांची तजवीज होती आणि फ्रान्सिसची पुरुषशाखा संपलीच, तर मिळकत तिच्याकडे यावी, अशी पुस्ती जोडलेली होती. घराण्याचे नाव आणि जमीन एकत्र राहावी आणि कर्ज पुरुषाने निस्तरावे, हा त्यामागचा हिशेब असावा. आपल्याकडे अशा वेळी दत्तकविधानाचा मार्ग असतो. इंग्लंडमध्ये १९२६ पर्यंत कायद्याने दत्तक घेण्याची सोयच नव्हती. म्हणून पुत्र नसेल तर मुलगी की भाऊ, हा एकच प्रश्न तेथे उरे. पंधरा वर्षांच्या ॲनपुढे तो प्रश्न असा अकस्मात येऊन ठाकला.

तिच्या बाजूने उभी राहिली ती आई. मार्गारेटने १६०६ पासून मुलीच्या वतीने दावे लावले आणि त्यासाठी जुने कागद धुंडाळण्याचा सपाटा लावला. लंडनच्या टॉवरमधील राजदप्तर, निरनिराळ्या कचेऱ्यांतील नोंदी, घरातील पेट्यांमधील सनदा या सर्वांतून तिने जाणकार माणसांकरवी नकला करून घेतल्या. व्हिटरीपाँटांच्या इझाबेलाचे नाव या कागदांतून पुन्हा वर आले. क्लिफर्ड पुरुष ज्या वेस्टमोरलंडवर हक्क सांगत होते, ते वेस्टमोरलंड त्यांना एका मुलीमुळेच लाभले होते, हे आता केवळ भावनेचे विधान राहिले नाही. त्याला लेखी आधार मिळाला. आईने जमविलेले हे दप्तर हेच ॲनचे खरे माहेरचे देणे.

२५ फेब्रुवारी १६०९ रोजी ॲनचा विवाह रिचर्ड सॅकव्हिल याच्याशी झाला. दोनच दिवसांनी त्याचे वडील वारले आणि तो डॉर्सेटचा अर्ल झाला. केंटमधील नोल हा त्याचा विस्तीर्ण वाडा. रिचर्ड देखणा, रसिक आणि हौशी होता, परंतु कोंबड्यांच्या झुंजी, जुगार आणि उंची पोशाख यांत त्याचा हात फार सैल होता. पत्नीच्या दाव्यात त्याला रस होता तो रोख रकमेपुरता. हक्क सोडून तडजोड केली, तर चुलता मोठी रक्कम देण्यास तयार होता आणि ती रक्कम कायद्याने पतीच्या हातात पडणार होती. उलट बाजूची सोयरीकही भक्कम होती. फ्रान्सिसचा पुत्र हेन्री याला १६१० मध्ये रॉबर्ट सेसिल या सर्वाधिकारी मंत्र्याची कन्या दिलेली होती. ॲनच्या वाट्याला मात्र दरबारात सहानुभूतीपलीकडे फारसे काही नव्हते.

१६१६ च्या फेब्रुवारीत कँटरबरीचे आर्चबिशप आणि अनेक सरदार यांनी तिला बोलावून तडजोडीवर सही करण्यासाठी तासन् तास समजावले, धमकावलेही. आईचा सल्ला घेतल्यावाचून सही करणार नाही, एवढेच तिने धरून ठेवले आणि उत्तरेकडे जाण्याची मुभा मिळविली. मार्गारेट तेव्हा ब्रूमच्या गढीत राहत होती. मायलेकींनी मिळून नकाराचा निश्चय केला. २ एप्रिल १६१६ रोजी ब्रूमजवळच्या रस्त्यावर दोघींनी एकमेकींचा निरोप घेतला. ती त्यांची अखेरची भेट ठरली.

नकाराची किंमत लगेच वसूल करण्यात आली. ॲनची मुलगी मार्गारेट तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. पतीने त्या लेकराला आईपासून काढून दुसऱ्या घरी नेले. वैधव्यात पत्नीच्या चरितार्थासाठी राखून ठेवलेले उत्पन्नही त्याने रद्द केले. त्याच मे महिन्याच्या २४ तारखेस आईने ब्रूम येथे देह ठेवला. एका महिन्यात एका बाजूने लेक आणि दुसऱ्या बाजूने आई असे दोन्ही आधार सुटले. ॲनने ते दिवस आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले आहेत. त्या नोंदींत आक्रोश नाही. कोण आले, काय बोलणे झाले, दिवसभर कोणता ग्रंथ वाचून घेतला, कोणता कपडा शिवायला घेतला, अशा साध्या तपशिलांमधून तिची व्यथा दिसत राहते.

जानेवारी १६१७ मध्ये प्रकरण खुद्द पहिल्या जेम्स राजापुढे गेले. डेन्मार्कहून आलेल्या त्याच्या राणीने ॲनला आधीच सावध केले होते, की हा निवाडा राजाच्या हाती सोपवू नये. राजाने पतिपत्नींना एकांतात बोलावले. दोघेही गुडघे टेकून बसली. पतीने निवाडा मान्य केला; पत्नीने वेस्टमोरलंड जन्मात सोडणार नाही, असे सांगितले. दोन दिवसांनी चुलता, चुलतभाऊ, न्यायाधीश आणि सरदार यांनी भरलेल्या दालनात तिला पुन्हा उभे करण्यात आले. राजा संतापला, परंतु तिचे उत्तर बदलले नाही. सव्वीस वर्षांची, पाठीशी ना पिता, ना भाऊ, ना पती, अशी ती स्त्री त्या दालनात एकटीच होती. मार्चमध्ये राजाने तिच्या संमतीवाचून निवाडा दिला. मिळकत फ्रान्सिसला व त्याच्या पुत्राला मिळावी, त्यांची पुरुषशाखा खुंटली तर ती ॲनकडे यावी आणि मोबदल्याचे २०,००० पौंड डॉर्सेटला हप्त्यांनी द्यावेत, असा तो निवाडा होता. ॲनने त्यावर अखेरपर्यंत सही केली नाही.

पुढील वर्षे तिने नोलच्या वाड्यात बऱ्याच अंशी एकाकी काढली. मुलगी परत मिळाली होती. तीन पुत्र मात्र झाले आणि बालपणीच गेले. १६२२ मध्ये दुसरी मुलगी झाली. तिचे नाव तिने इझाबेला ठेवले. घराण्यात वेस्टमोरलंड घेऊन आलेल्या त्या दूरच्या आजीचे नाव पुन्हा पाळण्यात आले. मार्च १६२४ मध्ये डॉर्सेटचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ॲनला देवी आल्या आणि तिच्या चेहऱ्याचे रूप गेले.

१६३० मध्ये तिने दुसरा विवाह केला. पती होता पेंब्रोक आणि माँटगोमेरीचा अर्ल फिलिप हर्बर्ट. त्याची आई सर फिलिप सिडनीची बहीण. त्याची पहिली पत्नी ऑक्सफर्डच्या अर्लची कन्या. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ मधील पहिला संग्रह ज्या दोघा भावांना अर्पण केला आहे, त्यांतील धाकटा तो हाच. सॅकव्हिल, हर्बर्ट, सिडनी, व्हीअर, रसेल ही घराणी एकमेकांत किती गुंतलेली होती, हे ॲनच्या एका संसारावरून कळते. सोयरिकींच्या त्या जाळ्यात एका माणसाला दुखविले, तर दहा घरांची दारे बंद होत. विल्टनच्या त्या घरीही तिचे फार काळ जमले नाही. धाकट्या इझाबेलाचा विवाह आपल्या मुलाशी व्हावा, असा पेंब्रोकचा हट्ट होता. स्वतःच्या मुलीवर तशी सक्ती करण्यास ॲन तयार झाली नाही. १६३५ च्या सुमारास दोघे वेगळी राहू लागली.

ज्या न्यायाची तिने राजदरबारी मागणी केली होती, तो तिला दरबाराने कधीच दिला नाही. तो दिला मृत्यूने. चुलता फ्रान्सिस १६४१ मध्ये वारला. ११ डिसेंबर १६४३ रोजी त्याचा पुत्र हेन्री वारला. हेन्रीचे पुत्र आधीच गेले होते. मागे उरली ती एक मुलगी, एलिझाबेथ. ज्या पुरुषशाखेसाठी ॲनला डावलले गेले होते, ती दोन पिढ्यांतच एका लेकीपाशी येऊन थांबली. निवाड्यातील तरतुदीप्रमाणे मिळकत ॲनकडे आली, तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. देशात राजा आणि पार्लमेंट यांचे यादवी युद्ध पेटले होते. त्यामुळे आणखी काही वर्षे तिला लंडनमध्येच राहावे लागले.

त्या काळात तिने एक भव्य चित्र काढून घेतले. १६४६ मधील हे तीन भागांचे चित्र केंडल येथील ॲबट हॉलमध्ये जतन केलेले आहे. मधल्या भागात आई, पिता आणि दोघे भाऊ आहेत. काळ १५८९ चा, म्हणजे ॲन अजून आईच्या पोटात आहे. डाव्या भागात पंधरा वर्षांची ॲन आहे, वारसा हिरावला गेला त्या वयाची. उजवीकडे छप्पन्न वर्षांची ॲन आहे, तो परत मिळालेली. कडेला पूर्वजांच्या आणि नातलगांच्या ढाली आणि त्यांचे वृत्तांत लिहिले आहेत. दोन्ही बाजूंना फळ्यांवर ग्रंथ रचलेले असून त्यांची नावे वाचता येतात. दागिने, हत्यारे, घोडे यांनी आपली ओळख सांगणाऱ्या उमरावांच्या त्या युगात या स्त्रीने आपली ओळख वंशावळीने आणि पुस्तकांनी सांगितली.

१६४९ च्या उन्हाळ्यात, राजाच्या शिरच्छेदानंतर काही महिन्यांनी, तिने लंडन सोडले. पेंब्रोक पुढील जानेवारीत वारला. एकोणसाठाव्या वर्षी माणसे आवराआवर करतात. ॲनने बांधकामे काढली. युद्धात पाडलेली स्किप्टनची गढी तिने पुन्हा उभारली. ब्रूम आणि ॲपल्बी दुरुस्त केल्या. १५२१ च्या आगीपासून ओसाड पडलेले ब्रफ आणि तीन शतके मोडकळीस आलेले पेंड्रॅगन पुन्हा राहते केले. ॲपल्बीचे सेंट लॉरेन्स आणि इतर देवळे सावरली. ॲपल्बीमध्येच तिने गरजू विधवांसाठी आश्रयगृह बांधले आणि आईने आरंभलेले बीम्स्लीचे आश्रयगृह पूर्ण केले. प्रत्येक वास्तूवर कोणी, केव्हा आणि कोणत्या अवस्थेतून ती उभी केली, याचा शिलालेख कोरविला. ब्रूमजवळ आईचा निरोप घेतला त्या जागी तिने एक स्तंभ उभारला आणि दरसाल २ एप्रिलला तेथे त्या गावच्या गोरगरिबांना चार पौंड वाटावेत, अशी कायमची तजवीज केली.

तिचे खरे बांधकाम कागदावर चालले होते. आईच्या दप्तरात भर घालून, रॉजर डॉड्सवर्थसारख्या इतिहाससंशोधकांच्या साहाय्याने, तिने घराण्याच्या सर्व सनदा, दावे, विवाहलेख आणि निवाडे कालानुक्रमे उतरवून घेतले. त्यांना जोड म्हणून पूर्वजांची चरित्रे लिहविली. अशी तीन खंडांची बाडे तिने एकाहून अधिक प्रतींत तयार करून ठेवली. एक प्रत नष्ट झाली, तर दुसरी राहावी. वृत्तांताचा आरंभ व्हिटरीपाँटांपासून होतो, इझाबेलाला त्यात तिच्या मानाचे स्थान मिळते, आणि अखेरीस ॲनने वर्षावर्षाचा लिहविलेला स्वतःचा वृत्तान्त येतो. कुलवृत्तांतात लेकीची रेघ तुटू न देणारा असा ग्रंथ त्या काळात दुर्मीळच. २०१५ मध्ये तो संपादित होऊन छापून प्रसिद्ध झाला.

तिचे चित्र सर्वस्वी सौम्य रंगवणे मात्र सत्याला धरून होणार नाही. स्वतःच्या हक्कासाठी राजाशी भांडलेली ही स्त्री आपल्या कुळांच्या बाबतीत कठोर होती. खंडाच्या प्रश्नावर वेस्टमोरलंडच्या कुळांनी विरोध केला, तेव्हा तिने त्यांच्यावर वर्षानुवर्षे खटले चालविले. त्या खटल्यांतही तिचे शस्त्र तेच होते, जुने कागद. ज्यांच्यापाशी दप्तर नव्हते, त्यांची बाजू अर्थातच लंगडी पडली. वेस्टमोरलंडच्या शेरीफपदाचा वंशपरंपरागत अधिकारही ती पूर्णपणे बजावीत असे.

म्हातारपणी ती एका गढीतून दुसऱ्या गढीत, डोंगरवाटांनी, मोठ्या लवाजम्यासह फिरत राहिली. पोशाख साध्या काळ्या कापडाचा, आहार बेताचा. वाचनातून आवडलेली वचने ती सेवकांकडून कागदावर लिहवून घेई आणि भिंतींवर, पलंगाच्या पडद्यांवर टाचून ठेवी. निजायच्या खोलीचेच तिने एक लहानसे ग्रंथालय केले होते. सेवकांना आणि पाहुण्यांना ती पुस्तके भेट देई. अखेरच्या महिन्यांतही रोजनिशी चालू होती. त्या दिवसाशेजारी साठ वर्षांपूर्वीच्या त्याच तारखेला काय घडले होते, हेही ती नोंदवून ठेवी. २२ मार्च १६७६ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, ब्रूमच्या गढीत, ज्या खोलीत पित्याचा जन्म आणि आईचा मृत्यू झाला होता, त्याच खोलीत तिने प्राण सोडला. पित्याशेजारी स्किप्टनला नव्हे, तर आईच्या सान्निध्यात ॲपल्बीला तिने आपली समाधी आधीच बांधून ठेवली होती. आईच्या समाधीवर मूर्ती आहे. ॲनच्या समाधीवर मूर्ती नाही. भिंतीवर चोवीस ढाली आहेत. त्यांवर व्हिटरीपाँटांपासून तिच्या मुलींच्या सासरांपर्यंतच्या सोयरिकींची चिन्हे मांडलेली आहेत.

तिच्यामागे वारसा पुन्हा लेकींच्याच वाटेने गेला. थोरली मार्गारेट थॅनेटचा अर्ल जॉन टफ्टन याला दिलेली होती; क्लिफर्डांच्या गढ्या टफ्टनांकडे गेल्या. मार्गारेटचे चार पुत्र एकामागून एक थॅनेटचे अर्ल झाले. त्यांतील शेवटच्याला १६९१ मध्ये क्लिफर्डांची बॅरन ही पदवी मान्य झाली. पुत्र न राहिल्याने तीही पुढे त्याच्या मुलीकडे गेली. धाकटी इझाबेला नॉर्दॅम्प्टनच्या अर्लकडे दिली होती. तिचा वंश मात्र राहिला नाही. चुलतभावाची मुलगी एलिझाबेथ हिचा विवाह बॉइल घराण्यात झाला होता. त्या शाखेकडे उरलेले बोल्टनसारखे मुलूख पुढे शार्लट बॉइल या लेकीबरोबर १७४८ मध्ये डेव्हनशायरच्या कॅव्हेंडिश घराण्यात गेले. ज्या जमिनी पुरुषाच्या नावाखाली एकत्र राहाव्यात म्हणून जॉर्ज क्लिफर्डने लेकीला दूर सारले, त्यांतील एकही अखेर क्लिफर्ड नावाने उरली नाही.

ॲनची रोजनिशी १९२३ मध्ये छापून प्रसिद्ध झाली. संपादिका होती कवयित्री आणि कादंबरीकार व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट. ती ॲनच्या दिराच्या वंशातली. नोलच्या त्याच वाड्यात जन्मलेली आणि पित्याची एकुलती मुलगी. तिच्या शाखेकडे नोल आले होते तेही सॅकव्हिलांच्या एका लेकीमुळेच. तरीही १९२८ मध्ये पिता वारल्यावर, ती स्त्री म्हणून, वाडा चुलत्याकडे गेला. तीनशे वर्षांपूर्वीच्या बाईचे दुःख संपादकाच्या अलिप्तपणाने छापणाऱ्या व्हिटाला ते पाचच वर्षांत स्वतःच्या दारी भेटले. २०१३ च्या कायद्याने ब्रिटिश राजसिंहासनाच्या बाबतीत मुलगा आणि मुलगी यांतील भेद काढून टाकला. उमरावांच्या पदव्यांना मात्र तो कायदा लागू करण्यात आला नाही.

ॲन क्लिफर्डने एकही खटला खऱ्या अर्थाने जिंकला नाही. तिला मिळाले ते दीर्घायुष्य आणि त्या आयुष्यभर जपलेले कागद. चुलता गेला, राजा गेला, दोन्ही पती गेले. गढ्यांपैकी बहुतेकांची पुन्हा पडझड झाली. ती बाडे मात्र राहिली, आणि त्यांच्यामुळे इझाबेलापासून ॲनपर्यंतच्या लेकींची तुटलेली रेघ आज कोणत्याही वाचकाला बोट ठेवून दाखविता येते. ब्रूमजवळच्या रस्त्यावर मायलेकींच्या ताटातुटीचा स्तंभही उभा आहे, आणि २ एप्रिलच्या दानाचा प्रघात तिच्यामागे शतकानुशतके पाळला गेला.